जलतापीय डोलोमाइटीभवन

जलतापीय डोलोमाइटीभवन : सभोवतालच्या खडकांपेक्षा अधिक तापमान असलेले खनिजयुक्त पाणी भूपृष्ठाखालील चुनखडकात शिरून त्यातील कॅल्साइट या खनिजाचे डोलोमाइटात रूपांतर करते, त्या प्रक्रियेला जलतापीय डोलोमाइटीभवन म्हणतात. अशा पाण्यापासून खडकांतील भेगांत व पोकळ्यांत साचणाऱ्या डोलोमाइटाच्या नव्या स्फटिकांचाही अंतर्भाव या संज्ञेत केला जातो. पाणी नुसते गरम असणे पुरेसे नसते, तर ते ज्या खडकात शिरते त्या खडकाहून गरम असावे लागते, ही गोष्ट या व्याख्येत महत्त्वाची आहे. शिशाची व जस्ताची काही मोठी धातुके आणि खनिज तेल व नैसर्गिक वायू यांचे काही साठे अशा डोलोमाइटांत आढळतात. त्यामुळे या प्रक्रियेचा अभ्यास सैद्धांतिक तसेच आर्थिक दृष्ट्याही महत्त्वाचा ठरला आहे.

खनिज व खडक : डोलोमाइट हे कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे दुहेरी कार्बोनेट आहे. त्याच्या स्फटिकात कॅल्शियमाचे व मॅग्नेशियमाचे थर आलटून पालटून येतात आणि प्रत्येक दोन थरांच्या दरम्यान कार्बोनेटाचा थर असतो. कॅल्साइटात केवळ कॅल्शियमाचे व कार्बोनेटाचे थर असतात. डोलोमाइटाची कठिनता ३·५ ते ४ व वि. गु. सु. २·८५ आहे. थंड व विरल हायड्रोक्लोरिक अम्लाचा थेंब टाकल्यास कॅल्साइट जोराने फसफसते, तर डोलोमाइट अगदी सावकाश फसफसते. या साध्या कसोटीने क्षेत्रीय पाहणीत दोन्ही खनिजे वेगळी ओळखतात. मुख्यत्वे या खनिजाच्या बनलेल्या खडकालाही डोलोमाइट असेच नाव आहे [→ चुनखडक, डोलोमाइट].

ऐतिहासिक आढावा : फ्रेंच भूवैज्ञानिक देओदा द दोलोम्य (१७५०–१८०१) यांनी आल्प्स पर्वतातील अम्लात सावकाश फसफसणाऱ्या चुनखडकासारख्या खडकाचे वर्णन १७९१ मध्ये प्रसिद्ध केले. पुढील वर्षी नीकॉला तेओदॉर द सोस्यूर यांनी त्याचे रासायनिक विश्लेषण केले व दोलोम्य यांचे नाव त्याला दिले. हा खडक कसा तयार होतो, याविषयी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मन भूवैज्ञानिक लेओपोल्ट फोन बूख यांनी पहिली ठळक उपपत्ती मांडली. टिरोल भागात ज्वालामुखी खडकांबरोबर वर आलेल्या मॅग्नेशियायुक्त बाष्पांमुळे चुनखडकाचे डोलोमाइट झाले, असे त्यांचे प्रतिपादन होते. ज्वालामुखी खडकांपासून शेकडो किमी. दूर असलेल्या प्रदेशांतही डोलोमाइटाचे विस्तीर्ण थर आढळत असल्याने ही उपपत्ती टिकू शकली नाही. १८४७ च्या सुमारास व्हिल्हेल्म हायडिंगर यांच्या कल्पनेनुसार ए. फोन मोर्लो यांनी कॅल्साइट व मॅग्नेशियम सल्फेट यांचा विद्राव बंद नळीत सु. २०० °से. पर्यंत तापवून डोलोमाइट बनविण्याचे प्रयोग केले. उष्णतेने ही विक्रिया घडू शकते, हा विचार अशा रीतीने प्रयोगशाळेत आला.

विसाव्या शतकाच्या मध्यास संशोधकांचे लक्ष भूपृष्ठाजवळच्या परिस्थितीकडे वळले. इराणच्या आखातातील अबू धाबीच्या किनाऱ्यावरील खाऱ्या मैदानांत आजही थोडे डोलोमाइट तयार होत असल्याचे १९६० नंतरच्या दशकात दिसून आले. बाष्पीभवनाने दाट झालेले समुद्राचे पाणी खाली झिरपून चुनखडकाचे डोलोमाइट बनविते, अशी उपपत्ती पुढे आली. गोडे व समुद्राचे पाणी जेथे मिसळते तेथे डोलोमाइट बनते, ही कल्पनाही १९७० नंतर काही काळ लोकप्रिय होती. या काळात खोलवरच्या गरम पाण्याचा विचार मागे पडला. मात्र तेलविहिरींतून व खाणींतून मिळालेले नमुने, स्फटिकांत अडकलेल्या द्रवांचे मापन आणि समस्थानिकांचे (अणुक्रमांक तोच पण अणुभार भिन्न असलेल्या त्याच मूलद्रव्याच्या प्रकारांचे) विश्लेषण यांमुळे १९८० नंतर तो पुन्हा पुढे आला. तो बूख यांच्या मूळ स्वरूपात मात्र परत आला नाही. शिलारसाची बाष्पे यात आवश्यक मानली जात नाहीत. गाळाच्या द्रोणीत खोलवर तापलेले खारे पाणी विभंगांवाटे वर येते, असे आता मानतात.

उष्णतेचे कार्य : आजच्या समुद्राच्या पाण्यात प्रत्येक किग्रॅ. मध्ये सु. १·२९ ग्रॅ. मॅग्नेशियम व सु. ०·४१ ग्रॅ. कॅल्शियम असते. आयनांच्या संख्येत मोजल्यास मॅग्नेशियम कॅल्शियमाच्या पाचपटींहून अधिक भरते. उष्मागतिकीनुसार अशा पाण्यातून डोलोमाइटाचे निक्षेपण व्हावयास हवे. प्रत्यक्षात आजच्या समुद्रात कॅल्शियम कार्बोनेटाचे प्रचंड निक्षेपण होते आणि डोलोमाइट मात्र क्वचितच बनते. याउलट प्राचीन काळच्या खडकांत डोलोमाइट विपुल आहे. या विसंगतीला ‘डोलोमाइट समस्या’ म्हणतात.

या समस्येचे एक कारण असे की, विद्रावातील मॅग्नेशियम आयनाभोवती पाण्याच्या रेणूंचे घट्ट कवच असते. ते दूर झाल्याशिवाय आयनाला स्फटिकात जागा घेता येत नाही. दुसरे कारण म्हणजे डोलोमाइटात दोन्ही धातूंचे आयन आपापल्या थरांत क्रमाने बसावे लागतात. वाढत्या स्फटिकाच्या पृष्ठावर ते अव्यवस्थितपणे चिकटले म्हणजे पुढची वाढ थांबते. अमेरिकन भूवैज्ञानिक लिंटन लँड यांनी डोलोमाइटाच्या दृष्टीने हजारपट अतिसंतृप्त असलेला विद्राव २५ °से. ला ३२ वर्षे ठेवला, परंतु त्यातून डोलोमाइटाचे निक्षेपण झाले नाही. हा निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. मिशिगन व होक्काइडो या विद्यापीठांतील संशोधकांनी २०२३ मध्ये या कोड्याचा एक भाग उलगडला. चुकीच्या जागी बसलेले आयन अधूनमधून विरघळून गेले, तर वाढ पुन्हा सुरू होते, असे त्यांनी दाखविले. सु. ८० °से. तापमानाच्या विद्रावात इलेक्ट्रॉन शलाकेचे हजारो स्पंद देऊन त्यांनी दोन तासांत डोलोमाइटाचे सु. ३०० थर वाढविले. त्यांची एकूण जाडी मात्र सु. १०० नॅनोमीटर (१ नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) एवढीच होती.

तापमान वाढले की पाण्याचे कवच सैल होते, आयनांची हालचाल वाढते व विक्रियेचा वेग अनेक पटींनी वाढतो. १०० ते २०० °से. दरम्यान प्रयोगशाळेत कॅल्साइटाचे डोलोमाइट काही दिवसांत वा आठवड्यांत बनविता येते. याशिवाय तापमान जितके जास्त तितक्या कमी मॅग्नेशियम-कॅल्शियम गुणोत्तराच्या पाण्यातही डोलोमाइट स्थिर राहू शकते. त्यामुळे समुद्राच्या पाण्याच्या तुलनेत कॅल्शियम जास्त व मॅग्नेशियम कमी असलेली खोलवरची मिठवणीसुद्धा चुनखडकाचे डोलोमाइट बनवू शकते. अशा रीतीने उष्णतेमुळे वेगाची अडचण दूर होते.

मॅग्नेशियमाचा पुरवठा : उष्णतेने वेग मिळाला, तरी मॅग्नेशियम कोठून येते हा प्रश्न शिल्लक राहतो. दोन भाग कॅल्साइट व एक भाग मॅग्नेशियम यांच्या विक्रियेत एक भाग डोलोमाइट बनते व एक भाग कॅल्शियम पाण्यात मुक्त होते. एक घ. मी. भरीव चुनखडकाचे वस्तुमान सु. २,७०० किग्रॅ. असते. त्याचे या रीतीने पूर्ण डोलोमाइट होण्यासाठी सु. ३३० किग्रॅ. मॅग्नेशियम लागते. समुद्राच्या एक घ. मी. पाण्यात ते सु. १·३ किग्रॅ. असते. म्हणजे पाण्यातील सर्व मॅग्नेशियम खडकात गेले असे धरले, तरी प्रत्येक घ. मी. खडकामागे सु. २५० घ. मी. पाणी लागेल. एक किमी. लांब, १०० मी. रुंद व १०० मी. जाड एवढ्या खडकासाठी हे पाणी सु. अडीच घन किमी. होते. प्रत्यक्षात मॅग्नेशियमाचा काही अंशच खडकात जात असल्याने पाणी याच्या कित्येक पट लागते.

एवढे पाणी दाट चुनखडकातून सहजासहजी वाहू शकत नाही. म्हणून प्रवाहाला मोकळी वाट व दीर्घकाळ टिकणारी चालना या दोन्ही गोष्टी आवश्यक असतात. जलतापीय डोलोमाइटाचे साठे विभंगांना लागून आणि मर्यादित रुंदीत का आढळतात, याचे उत्तर यातच आहे. शेकडो किमी. पसरलेल्या अखंड डोलोमाइट थरांचा उगम केवळ विभंगांतून आलेल्या गरम पाण्याने झाला असे म्हणणे याच हिशेबामुळे कठीण जाते. पुष्कळ ठिकाणी आधीच बनलेल्या डोलोमाइटाचे गरम पाण्याने पुनःस्फटिकीभवन झाले असावे, असे मानतात. यासाठी बाहेरून आणलेले थोडे मॅग्नेशियमही पुरते.

मॅग्नेशियमाचे मूळ म्हणून समुद्राचे अडकून राहिलेले पाणी, बाष्पीभवनाने दाट झालेली मिठवणी, शेलमधील मृत्तिका खनिजे, आधीचे डोलोमाइट आणि मॅग्नेशियमयुक्त अग्निज खडक यांचा विचार केला जातो. कित्येक ठिकाणी समुद्राचे पाणीच विभंगांतून खोल जाऊन तापते व पुन्हा वर येते. सुएझच्या आखाताच्या पूर्व किनाऱ्यावरील हम्माम फराऊन येथील विभंगालगतच्या डोलोमाइटांचा संबंध अशा समुद्रजलाच्या अभिसरणाशी जोडला गेला आहे. या जागी आजही उष्ण पाण्याचे झरे आहेत.

प्रवाहाची चालना व मार्ग : भूकवचात सामान्यतः दर किमी. खोलीस २५ ते ३० °से. तापमान वाढते. त्यामुळे तीन-चार किमी. खोलीवरील पाणी सहज १०० °से. च्या वर असते. ते वर येण्याची मुख्य कारणे पुढीलप्रमाणे आहेत : (१) द्रोणीच्या कडेला पर्वत उंचावला की त्यावर मुरलेले पाणी गुरुत्वाने खोल जाते व द्रोणीच्या दुसऱ्या बाजूकडे ढकलले जाते, (२) गिरिजननाच्या वेळी खडकांवर पडणाऱ्या दाबाने व साचणाऱ्या गाळाच्या भाराने छिद्रांतील पाणी पिळून निघते, (३) तापमानातील फरकामुळे पाण्याचे अभिसरण सुरू होते, (४) भूकंपाच्या वेळी विभंग अचानक उघडून पाणी वर खेचले जाते व नंतर खनिजे साचून वाट बंद होते. हे चक्र पुन्हा पुन्हा घडू शकते.

पाणी सावकाश झिरपत वर आले, तर वाटेत त्याची उष्णता खडकांना मिळून दोहोंचे तापमान सारखे होते. म्हणून जलतापीय प्रक्रियेसाठी पाणी विभंगांसारख्या मोकळ्या मार्गाने जलद यावे लागते. ज्या विभंगांत खडक आडवे सरकण्याबरोबरच थोडे ताणलेही जातात, ते यासाठी विशेष अनुकूल असतात. अशा जागी खडक खचून वरच्या थरांत लांबट खोलगट भाग तयार होतो. वर शेलसारखा अपार्य (पाणी झिरपू न देणारा) थर असेल, तर पाणी अडून आडवे पसरते व सच्छिद्र थरांत शिरते. त्यामुळे डोलोमाइटाचा आकार खोडाला आडव्या फांद्या फुटलेल्या झाडासारखा दिसतो. स्पेनच्या पूर्व किनाऱ्याजवळील बेनिकासिम येथे पूर्व क्रिटेशस काळातील (सु. ११·५ कोटी वर्षांपूर्वीच्या) चुनखडकांत विभंगापासून निघून थरांच्या अनुरोधाने दूरवर गेलेले डोलोमाइट उघड्यावर पाहावयास मिळते.

कॅल्साइटाची विद्राव्यता पाणी थंड होताना वाढते. वर येऊन थंडावणारे पाणी त्यामुळे चुनखडक विरघळवून पोकळ्या निर्माण करते. दाब कमी झाल्यावर कार्बन डाय-ऑक्साइड निसटतो व त्याच पोकळ्यांत डोलोमाइट साचते. विरघळणे व साचणे या परस्परविरोधी क्रिया अशा प्रकारे एकाच प्रवाहात जवळजवळ घडतात.

ओळख : जलतापीय डोलोमाइटात पुढील लक्षणे बहुधा एकत्र आढळतात. भेगांत व पोकळ्यांत मोठे, पांढरे वा गुलाबी, मोत्यासारखी चमक असलेले स्फटिक असतात. त्यांचे फलक घोड्याच्या खोगिराप्रमाणे वक्र असल्याने त्यांना खोगिरी डोलोमाइट म्हणतात. ते बहुधा ६० ते १५० °से. तापमानात बनतात. काळसर, सूक्ष्मकणी व पांढऱ्या, भरडकणी डोलोमाइटाचे एकाआड एक पट्टे खडकात दिसतात. चुनखडकाचे तुटलेले कोणयुक्त तुकडे पांढऱ्या डोलोमाइटाने सांधले जाऊन कोणाश्म बनलेला असतो. त्याबरोबर गॅलेना, स्फॅलेराइट, फ्ल्युओराइट, बराइट इ. खनिजेही आढळतात.

स्फटिक वाढताना त्यात द्रवाचे सूक्ष्म थेंब अडकतात. थंड झाल्यावर अशा थेंबात वायूचा बुडबुडा तयार होतो. नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तापवून हा बुडबुडा ज्या तापमानास नाहीसा होतो त्यावरून स्फटिक बनतानाचे किमान तापमान कळते, तर थेंब गोठवून पाण्याचा खारेपणा ठरवितात. अशा खारेपणाचे मूल्य पुष्कळदा १० ते ३० टक्के भरते. समुद्राच्या पाण्यात क्षार केवळ सु. ३·५ टक्के असतात. ऑक्सिजनाच्या समस्थानिकांवरूनही तापमानाचा अंदाज येतो, पण त्यासाठी मूळ पाण्यातील समस्थानिकांचे प्रमाण माहीत असावे लागते. कार्बन व ऑक्सिजन यांचे जड समस्थानिक एकाच कार्बोनेट गटात किती वेळा एकत्र आले आहेत, हे मोजण्याची रीत २००० नंतरच्या दशकात पुढे आली. तिच्यामुळे पाण्याची माहिती नसतानाही तापमान काढता येते. स्ट्राँशियमाच्या समस्थानिकांवरून पाणी वाटेत कोणत्या खडकांच्या संपर्कात आले ते समजते, तर युरेनियम-शिसे पद्धतीने कार्बोनेटाचे वय काढता येते.

संज्ञेविषयीचा वाद : वरील लक्षणांपैकी कोणतेही एक लक्षण स्वतंत्रपणे निर्णायक नाही. समजा, एका डोलोमाइटाचे तापमान ११० °से. निघाले. तो खडक त्या वेळी तीन किमी. खोल पुरलेला असेल, तर भूपृष्ठावर २० °से. व दर किमी.ला ३० °से. वाढ धरून तेथील खडकाचे स्वतःचे तापमानही ११० °से. होते. असे डोलोमाइट जलतापीय नसून केवळ भूऔष्णिक होय. तोच खडक एक किमी. पेक्षा अधिक खोल कधीच गेला नसेल, तर खडकाचे तापमान ५० °से. च्या वर नव्हते. म्हणून पाणी निश्चितच खोलून गरम आले. खडक किती खोल व केव्हा पुरला आणि डोलोमाइट केव्हा बनले, या दोन्ही गोष्टी माहीत नसताना निव्वळ तापमानावरून दिलेले नाव फसवे ठरते.

हान्स माखेल व जेफ लोनी यांनी २००२ मध्ये या ढिलाईवर कडक टीका केली. पाणी सभोवतालच्या खडकापेक्षा किमान ५ ते १० °से. गरम असल्याचे सिद्ध झाल्याशिवाय ही संज्ञा वापरू नये व खोगिरी डोलोमाइट हा तिचा स्वतंत्र पुरावा मानू नये, असे त्यांनी म्हटले. ग्रॅहॅम डेव्हिस व लँगहॉर्न स्मिथ यांनी २००६ मध्ये तेलक्षेत्रांतील उदाहरणे एकत्र करून विभंगनियंत्रित जलतापीय डोलोमाइट पूर्वी समजले जाई त्याहून पुष्कळ अधिक ठिकाणी आहे, असे प्रतिपादन केले. हा वाद केवळ नावापुरता नाही. डोलोमाइट विभंगांतून आलेल्या पाण्याने झाले असेल, तर ते अरुंद पट्ट्यात शोधावे लागते. दाट मिठवणी वरून झिरपून झाले असेल, तर ते थरांबरोबर दूरवर पसरलेले असते. चुकीची उपपत्ती धरल्यास विहीर चुकीच्या जागी खणली जाते.

आर्थिक महत्त्व : अमेरिकेच्या मिशिगन राज्याच्या दक्षिण भागातील अल्बियन-सिपिओ हे तेलक्षेत्र या प्रकाराचे ठळक उदाहरण आहे. त्याचा शोध १९५७ मध्ये लागला. येथील ऑर्डोव्हिसियन (सु. ४८·५ ते ४४·५ कोटी वर्षांपूर्वीच्या) काळातील चुनखडक एरवी दाट व कोरडा आहे. मात्र विभंगाला लागून सु. ५५ किमी. लांब व जेमतेम दीड किमी. रुंद पट्ट्यात त्याचे सच्छिद्र डोलोमाइट झाले आहे व त्यावर शेलचे आवरण आहे. या पट्ट्यातून १२ कोटी पिंपांहून अधिक तेल निघाले आहे. पट्ट्याच्या बाहेर काही शेकडो मी. अंतरावर खणलेली विहीरही कोरडी निघू शकते. कॅनडाच्या ईशान्य ब्रिटिश कोलंबियातील डेव्होनियन (सु. ४२ ते ३६ कोटी वर्षांपूर्वीच्या) काळातील खडकांत लेडीफर्न हे वायुक्षेत्र २००० मध्ये सापडले. तेही विभंगांलगतच्या डोलोमाइटात आहे.

धातुकांच्या बाबतीत कॅनडातील ग्रेट स्लेव्ह सरोवराच्या दक्षिणेकडील पाइन पॉइंट येथे डेव्होनियन प्रवाळभित्तींच्या भरडकणी डोलोमाइटात शिशाचे व जस्ताचे साठे आहेत. तेथे १९६४ ते १९८८ पर्यंत मोठ्या प्रमाणावर खाणकाम झाले. ही धातुके डेव्होनियन काळाच्या अखेरच्या सुमारास बनली, की त्यानंतर कित्येक कोटी वर्षांनी रॉकी पर्वतांच्या उभारणीच्या वेळी, याविषयी मतभेद आहेत. अमेरिकेच्या मिसूरी राज्यातील कँब्रियन डोलोमाइटांतील शिशाची धातुके दक्षिणेकडील वॉशिटॉ पर्वताच्या निर्मितीच्या वेळी ढकलल्या गेलेल्या मिठवणींशी संबंधित मानतात.

कॅल्साइटाचे डोलोमाइट होताना वर दिलेल्या विक्रियेनुसार घनफळ सु. १३ टक्क्यांनी घटते. म्हणून डोलोमाइट नेहमी अधिक सच्छिद्र असते, असा समज रूढ आहे. तो पूर्णतः बरोबर नाही. पाणी मॅग्नेशियमाबरोबर कार्बोनेटही आणीत असेल, तर उलट घनफळ वाढून छिद्रे बुजतात आणि खोगिरी डोलोमाइटाने भरलेल्या पोकळ्यांत तेलाला जागा उरत नाही. खोल पुरल्यावर डोलोमाइट चुनखडकापेक्षा दाबाला अधिक तोंड देते, त्यामुळे त्याची सच्छिद्रता जास्त काळ टिकते, हेही तेलसाठ्यांचे एक कारण आहे. म्हणून एखादा डोलोमाइट खडक उपयुक्त ठरेल की नाही, हे पाणी किती गरम होते एवढ्यावरून ठरत नाही. ते कोठून आले, किती आले व केव्हा थांबले, यांवर ते अवलंबून असते.